व्यापारी आपसात भाव ठरवतात तेव्हा : 'कार्टेल' म्हणजे काय, नुकसान कोणाचं होतं आणि तक्रार कुठे करायची?

बुलढाणा : 'सीसीआय' म्हटलं की आपल्या भागात डोळ्यासमोर येतं ते कापूस खरेदी केंद्र, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ. पण दिल्लीत आणखी एक सीसीआय आहे. तिचं नाव भारतीय स्पर्धा आयोग. ही सीसीआय काही विकत घेत नाही. व्यापारी किंवा कंपन्या आपसात ठरवून भाव चढवतात का, पाडतात का, टेंडर 'मॅनेज' करतात का, हे पाहणं तिचं काम आहे. अशा संगनमताला 'कार्टेल' म्हणतात.

हा विषय फक्त मोठ्या शहरांचा आणि मोठ्या कंपन्यांचा वाटतो. पण शेतकरी यात दोन्ही बाजूंनी सापडतो. सोयाबीन, तूर, कापूस विकायला गेला तर घेणारे एकत्र येऊन भाव पाडू शकतात. सिमेंट, खत, औषध घ्यायला गेला तर विकणारे एकत्र येऊन भाव चढवू शकतात. म्हणून हा शब्द नेमका काय आहे, कायदा काय सांगतो आणि आपल्या हातात काय आहे, याची माहिती इथे एकत्र देत आहोत.

कार्टेल म्हणजे काय?

एकाच धंद्यातले लोक एकमेकांचे स्पर्धक असतात. एकाने भाव जास्त लावला की गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातं. एकाने शेतमालाला कमी बोली लावली की दुसरा जास्त लावून माल नेतो. या ओढाताणीमुळेच आपल्याला बरा भाव मिळतो. हेच स्पर्धक जर गुपचूप बसून 'आपण आपसात भांडायचं नाही, भाव एकच ठेवायचा' असं ठरवतात, तर त्याला कार्टेल म्हणायचं.

स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ नुसार स्पर्धकांनी आपसात ठरवून केलेल्या या चार गोष्टी बेकायदा धरल्या जातात :

१. खरेदीचा किंवा विक्रीचा भाव आपसात ठरवणं.
२. माल, उत्पादन किंवा पुरवठा मुद्दाम कमी करणं.
३. बाजार वाटून घेणं. म्हणजे 'हा तालुका तुझा, तो माझा' किंवा 'हे गिऱ्हाईक तुझं, ते माझं'.
४. टेंडर किंवा लिलावात संगनमताने बोली लावणं.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. कायद्यात 'खरेदीचा' भावही आहे. म्हणजे महाग विकण्यासाठी केलेलं संगनमत जसं गुन्ह्यात धरतात, तसंच स्वस्तात घेण्यासाठी केलेलंही. आणि करार कागदावर, सहीनिशी असावा लागतो असंही नाही. तोंडी ठरलं, फोनवर ठरलं, चहाच्या टपरीवर नुसती मान हलवून ठरलं, तरी तो करारच.

कायदा २००२ चा असला तरी कार्टेलविषयीच्या तरतुदी प्रत्यक्ष लागू झाल्या २० मे २००९ पासून.

हर्राशीत हे कसं घडू शकतं?

बाजार समितीच्या यार्डात हर्राशी सुरू आहे असं समजा. ढिगाभोवती आठ व्यापारी उभे आहेत. खरी चढाओढ असेल तर आठही जण आपापला हिशेब करून बोली वाढवतील. पण सकाळीच ठरलं असेल की आज अमुक भावाच्या वर कोणी जायचं नाही, तर दोन-तीन बोल्या होतात आणि भाव तिथेच थांबतो. बाकीचे गप्प राहतात. आजचा ढीग एकाचा, उद्याचा दुसऱ्याचा. बाहेरून पाहणाऱ्याला हर्राशी झाली असंच दिसतं. कागदावरही सगळं बरोबर असतं.

नुकसान किती होतं, याचा साधा हिशेब करू. एका शेतकऱ्याने २० क्विंटल सोयाबीन आणलं आणि संगनमतामुळे क्विंटलमागे १५० रुपये कमी मिळाले, तर त्याचे ३,००० रुपये गेले. एका दिवसात अशी १०० शेतकऱ्यांची आवक असेल तर यार्डातून शेतकऱ्यांचे ३ लाख रुपये गेले. हा आकडा फक्त समजण्यासाठी घेतलेला आहे, कोणत्याही बाजार समितीचा नाही. पण एकेकाचं नुकसान थोडं असतं, म्हणून कोणी बोलत नाही, आणि सगळ्यांचं मिळून ते मोठं होतं. कार्टेल टिकतं ते यामुळेच.

वऱ्हाडाला हा प्रश्न नवा नाही

ही लढाई आपल्या भागात दीडशे वर्षांपासून चालू आहे. १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला. त्याचं उद्घाटन करायला तेव्हाचे व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले होते. वऱ्हाडातला कापूस मुंबईमार्गे इंग्लंडच्या गिरण्यांना जात होता. घेणारा मोठा, संघटित आणि भावाची खबर असलेला. विकणारा मात्र एकटा, गाडी घेऊन आलेला आणि बहुतेक वेळा कर्जात.

याच परिस्थितीत १८८६ मध्ये कारंजा (आता वाशिम जिल्हा) इथे देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला असं मानलं जातं. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा वेगळा कायदा झाला. बाजाराला समिती, ठरलेली जागा, ठरलेलं माप, ठरलेली अडत, परवाना घेतलेले अडते आणि मापारी ही पद्धत त्यातून आली. १९२८ मध्ये शेतीविषयक रॉयल कमिशनने आपल्या अहवालात वऱ्हाडच्या या बाजारांची दखल घेतली आणि इतर प्रांतांतही नियंत्रित बाजार काढावेत असं सुचवलं. आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्या ज्या १९६३ च्या महाराष्ट्र कायद्याखाली चालतात, त्याची मुळं अशी आपल्याच मातीत आहेत.

उघड हर्राशीचा नियम कशासाठी केला? रुमालाखाली बोटं दाबून होणारे गुपचूप सौदे बंद व्हावेत आणि घेणाऱ्यांमध्ये सर्वांसमोर स्पर्धा व्हावी, यासाठी. त्यामुळे यार्ड आहे, भोंगा आहे, पण घेणारे आधीच आपसात ठरवून आलेत, असं झालं तर नियमाचा जीवच गेला.

एकाधिकार योजनेचा धडा

व्यापाऱ्यांच्या तावडीतून सोडवायचं तर सरकारनेच सगळा कापूस घ्यावा, हा दुसरा उपायही महाराष्ट्राने करून पाहिला. १९७१ च्या कायद्यानुसार १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. राज्यात खाजगी व्यापाऱ्याला शेतकऱ्याकडून कापूस घ्यायला बंदी. पणन महासंघाच्या केंद्रावर लागलेल्या बैलगाड्यांच्या रांगा आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना आजही आठवतात.

बाजार पडलेला असेल त्या वर्षी या योजनेचा आधार झाला. पण बाहेर भाव चांगला असेल त्या वर्षी शेतकऱ्याला दुसरीकडे विकायची सोय नव्हती. मग कापूस रात्रीतून सीमा ओलांडून शेजारच्या राज्यात जाऊ लागला. योजनेचा तोटाही वाढत गेला आणि २००२ च्या सुमारास खाजगी खरेदी पुन्हा खुली झाली.

यातून शिकण्यासारखं हे की घेणारा एकच असेल, मग तो व्यापाऱ्यांचा गट असो की सरकार, विकणाऱ्याकडे 'नाही, मी दुसऱ्याला देतो' म्हणायची ताकद राहत नाही. ती ताकद म्हणजेच स्पर्धा.

कांद्याच्या बाजारात काय आढळलं?

२०१० च्या डिसेंबरमध्ये कांद्याचे भाव देशभर भडकले. त्यानंतर स्पर्धा आयोगाने बेंगळुरूच्या 'आयसेक' या संशोधन संस्थेकडून महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कांदा बाजारांचा अभ्यास करून घेतला. २०१२ मध्ये आलेल्या त्या अहवालात म्हटलं होतं की मोठमोठ्या बाजारांत खरेदी थोड्या व्यापाऱ्यांच्या हातात आहे, नव्या व्यापाऱ्याला आत शिरणं अवघड आहे आणि संगनमताची चिन्हं दिसतात.

अभ्यासात चिन्हं दिसणं आणि एखाद्या व्यापाऱ्यावर दोष सिद्ध होणं, यात फरक आहे. पण एक मुद्दा स्पष्ट झाला. ग्राहक शहरात महाग कांदा घेतो म्हणजे शेतकऱ्याला जास्त मिळतं असं नाही. मधे स्पर्धा कमी असेल तर दोघंही नागवले जातात.

एकजुटीने खरेदी थांबवण्याची ताकद किती असते, हे २०१८ मध्येही दिसलं. हमीभावापेक्षा कमी दराने खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याला एक वर्ष कैद आणि ५० हजार रुपये दंड, असा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने त्या ऑगस्टमध्ये घेतला. त्यावर राज्यातल्या अनेक बाजार समित्यांमध्ये व्यापाऱ्यांनी खरेदीच बंद केली. व्यापाऱ्यांच्या मते तो निषेध होता. पण नवीन मूग-उडीद घेऊन आलेल्या शेतकऱ्याला माल परत न्यावा लागला किंवा थांबावं लागलं.

घेताना बसणारा फटका : सिमेंट, सेल आणि गोळ्या

आता दुसरी बाजू पाहू. घरकुल बांधणारा, विहीर बांधणारा माणूस सिमेंटच्या प्रत्येक गोणीमागे पैसे मोजतो. बिल्डर्स असोसिएशनच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने सिमेंट कंपन्यांची चौकशी केली. जून २०१२ मध्ये ११ सिमेंट कंपन्यांना मिळून सुमारे ६,३०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपन्या आपल्या संघटनेच्या माध्यमातून भाव, उत्पादन आणि मालाच्या रवानगीची माहिती एकमेकांना देत होत्या, कारखान्यांची क्षमता असूनही पुरवठा आवळला आणि भाव चढवले, असं आयोगाचं म्हणणं होतं. सुनावणीच्या पद्धतीतल्या त्रुटीमुळे अपिलात तो आदेश रद्द झाला. आयोगाने पुन्हा सुनावणी घेऊन २०१६ मध्ये पुन्हा दंड केला आणि २०१८ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो कायम ठेवला. त्यानंतर कंपन्या सुप्रीम कोर्टात गेल्या.

बॅटरीतले सेल तर प्रत्येक घरात लागतात. रात्री पाणी द्यायला जाणाऱ्याच्या हातात बॅटरी असतेच. एप्रिल २०१८ मध्ये आयोगाने एव्हरेडी, निप्पो सेल बनवणारी इंडो नॅशनल आणि पॅनासॉनिक या कंपन्यांनी सेलचे भाव आपसात ठरवले असा निकाल दिला. एव्हरेडीला १७१.५५ कोटी आणि इंडो नॅशनलला ४२.२६ कोटी रुपये दंड झाला. पॅनासॉनिकचा दंड मात्र पूर्ण माफ झाला, कारण तिने स्वतःहून आयोगाकडे जाऊन सगळं सांगितलं होतं. कायद्यात तशी सोय आहे. कार्टेलमधल्या ज्याने पहिल्यांदा पुराव्यासह कबुली दिली त्याला १०० टक्क्यांपर्यंत, दुसऱ्याला ५० टक्क्यांपर्यंत आणि तिसऱ्याला ३० टक्क्यांपर्यंत दंडमाफी मिळू शकते. चोरांमध्ये फूट पाडायची ही युक्ती आहे, आणि ती चालते.

तिसरं उदाहरण गोदामातल्या धान्याला कीड लागू नये म्हणून वापरायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांचं. भारतीय अन्न महामंडळाने मे २००९ मध्ये या गोळ्यांचं टेंडर काढलं. एक्सेल क्रॉप केअर, युनायटेड फॉस्फरस आणि संध्या ऑर्गॅनिक केमिकल्स या तीन कंपन्यांनी भरलेला दर होता किलोला ३८८ रुपये. तिघांचाही, रुपयाचाही फरक नाही. कारखाने वेगळ्या ठिकाणी, उत्पादन खर्च वेगळा, तरी दर एकच कसा? महामंडळाने तक्रार केली. २०१२ मध्ये आयोगाने दंड केला आणि ८ मे २०१७ रोजी सुप्रीम कोर्टाने संगनमत झाल्याचं मान्य केलं. मात्र दंड कंपनीच्या सगळ्या उलाढालीवर न लावता त्या गोळ्यांच्या उलाढालीवरच लावावा, असं कोर्ट म्हणालं. त्यामुळे दंडाची रक्कम खूप कमी झाली. २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून दंडासाठी कंपनीची एकूण उलाढाल धरायची तरतूद करण्यात आली.

टेंडरचं चौथं उदाहरण पुण्याचं आहे. पुणे महापालिकेच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या टेंडरमध्ये कंपन्यांनी संगनमत केल्याची तक्रार 'नागरिक चेतना मंच' या नागरिकांच्या संस्थेने केली होती. २०१८ मध्ये आयोगाने कंपन्यांना दोषी धरून दंड केला. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषदेची टेंडरं आपणही पाहतो. एक ठेकेदार खरा आणि बाकीचे दोन 'डमी', हा प्रकार कायद्याच्या भाषेत कार्टेलच आहे, आणि त्यात जाणारा पैसा गावाच्या रस्त्याचा, पाणी योजनेचा असतो.

नवीन माल, नवीन औषध का अडतं?

कार्टेलमुळे फक्त भाव वाढतो असं नाही. सुधारणाही थांबते. माल चांगला केला नाही तरी गिऱ्हाईक कुठे जाणार नाही, हे माहीत असल्यावर कोण कशाला डोकं चालवेल?

याचं गाजलेलं उदाहरण विजेच्या बल्बचं आहे. १९२४ मध्ये युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या बल्ब कंपन्यांनी स्वित्झर्लंडमध्ये 'फीबस' नावाचा गट केला. तोपर्यंत बल्ब दीड-दोन हजार तास चालायचे. गटाने ठरवलं की बल्ब १,००० तासांपेक्षा जास्त चालता कामा नये. ज्या कंपनीचा बल्ब जास्त टिकेल तिलाच दंड! तंत्रज्ञान पुढे न्यायच्या ऐवजी मागे आणलं गेलं. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर तो गट मोडला.

आपल्या देशात औषधांच्या धंद्यात असाच अडथळा होता. औषध कंपनीने नवा स्टॉकिस्ट नेमायचा तर केमिस्ट संघटनेची 'एनओसी' लागायची. नवं औषध बाजारात आणायचं तर संघटनेकडे पैसे भरून माहिती छापून घ्यावी लागायची. घाऊक आणि किरकोळ दुकानदाराचा नफाही संघटनेने ठरवलेला. न ऐकणाऱ्या कंपनीच्या औषधांवर बहिष्कार. जून २०१२ मध्ये गोव्याच्या केमिस्ट संघटनेविरुद्ध आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये अखिल भारतीय संघटनेविरुद्ध आयोगाने निकाल दिला आणि या पद्धती बेकायदा ठरवल्या. तालुक्याच्या गावी एखादं औषध का मिळत नाही किंवा दुकानदार सूट का देत नाही, याचं उत्तर कधी कधी अशा नियमांत असतं.

कार्टेल फुटलं की काय होतं?

पोटॅशचं उदाहरण प्रत्येक शेतकऱ्याने लक्षात ठेवावं असं आहे. म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे एमओपी, भारताला पूर्णपणे बाहेरून आणावं लागतं. जगात पोटॅश विकणारे मोजके. अनेक वर्षं कॅनडाच्या कंपन्यांचा एक गट आणि रशिया-बेलारूसच्या कंपन्यांचा दुसरा गट, असे दोनच गट जगातला बहुतेक पोटॅश विकायचे. जुलै २०१३ मध्ये रशियाची उरलकाली ही कंपनी बेलारूसबरोबरच्या गटातून बाहेर पडली आणि आपण जास्त माल काढून विकणार असं तिने जाहीर केलं. २०१३ च्या सुरुवातीला भारताने टनाला ४२७ डॉलरने करार केला होता. पुढच्या वर्षीचा करार झाला ३२२ डॉलरला. खाण तीच, माल तोच. फरक एवढाच की विकणाऱ्यांची एकी मोडली.

प्रत्येक चढा भाव म्हणजे कार्टेल नाही

इथे गफलत होऊ नये म्हणून काही गोष्टी स्पष्ट करतो.

भाव सारखे असणं हा एकट्याने पुरावा नाही. शेजारी-शेजारी दोन दुकानांत एकच भाव असेल तर एकाने दुसऱ्याचा भाव पाहून आपला ठेवलेला असू शकतो. सोयाबीनचा भाव देशाच्या तेल आयातीवर, पेंडेच्या निर्यातीवरही ठरतो. ओलावा, काडीकचरा, डागी दाणा यानेही भाव कमी होतो. 'आपसात ठरवलं' हे दाखवता आलं पाहिजे.

खतासोबत नको असलेली दुसरी वस्तू माथी मारणं, ज्याला 'लिंकिंग' म्हणतात, तेही कार्टेल नाही. तो वेगळा गैरप्रकार आहे. त्याची तक्रार आधी पंचायत समितीच्या किंवा तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करा. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ किंवा वैधमापन विभाग.

आणि शेतकऱ्यांनी उत्पादक कंपनी काढून उघडपणे एकत्र माल विकला, तर तो दहा व्यापाऱ्यांचा गुप्त करार नसतो. ती नोंदणी झालेली एक कंपनी असते आणि बाजारात तिच्यामुळे एक विकणारा किंवा घेणारा वाढतो.

संशय आला तर काय टिपून ठेवायचं?

कार्टेल उघडकीला येतं ते नोंदीमुळे. म्हणून हे करा :

• सौदा पट्टी, वजन पट्टी, हिशोब पट्टी जपून ठेवा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा.
• त्याच दिवशीचे जवळच्या दोन-तीन बाजार समित्यांचे भाव लिहून ठेवा. एकाच प्रतीच्या मालाला कायम एकाच ठिकाणी फरक पडतो का ते पाहा.
• बोली रोज ठराविक आकड्यावरच थांबते का, तेच व्यापारी पाळीपाळीने माल घेतात का, प्रत वेगळी असूनही भाव एकच लागतो का, याची तारखेनिशी नोंद करा.
• बाहेरचा व्यापारी आला तर त्याला बोली लावू देतात का, हे पाहा.
• टेंडरमध्ये निविदांचे दर, अर्जातल्या सारख्या चुका, सारखे पत्ते यांची माहिती, माहिती अधिकारात मागता येते.

एकट्याने न करता गावातल्या दहा-पंधरा शेतकऱ्यांनी मिळून महिनाभर नोंद ठेवली तर तिला वजन येतं.

तक्रार कुठे करायची?

पहिली पायरी बाजार समितीचे सचिव. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. भाव पटला नाही तर माल न विकण्याचा शेतकऱ्याला अधिकार आहे, हेही लक्षात ठेवा. दाद मिळाली नाही तर तालुक्याचे सहायक निबंधक (सहकारी संस्था), त्यानंतर बुलढाण्याचे जिल्हा उपनिबंधक आणि वर पुण्याचं पणन संचालनालय. परवाना देण्याचे आणि तो निलंबित किंवा रद्द करण्याचे अधिकार बाजार कायद्यातच आहेत.

संगनमत मोठं असेल आणि नोंदी हाताशी असतील तर भारतीय स्पर्धा आयोगाकडे जाता येतं. तिथे तक्रारीला 'माहिती' म्हणतात. कोणीही व्यक्ती, ग्राहक संस्था किंवा व्यापारी संघटना ती देऊ शकते. ठरलेली फी भरावी लागते. आपलं नाव गुप्त ठेवावं अशी विनंती करता येते. घटना घडल्यापासून तीन वर्षांच्या आत माहिती द्यावी लागते. आयोगाला प्रथमदर्शनी तथ्य वाटलं तर महासंचालकांमार्फत चौकशी होते. कार्टेल सिद्ध झालं तर ते जितकी वर्षं चाललं त्या प्रत्येक वर्षासाठी नफ्याच्या तिपटीपर्यंत किंवा उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत, यातला जास्त असेल तेवढा दंड होऊ शकतो.

निकालाला वेळ लागतो, हेही खरं. आयोगाच्या आदेशावर अपील न्यायाधिकरणात आणि मग सुप्रीम कोर्टात अपील होतं. दंड जाहीर झाला म्हणजे वसूल झाला असं समजू नका. दंडाचे पैसे सरकारजमा होतात, ते आपोआप शेतकऱ्याच्या खात्यात येत नाहीत. नुकसानभरपाईसाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

आपल्या हातात काय आहे?

कार्टेलची ताकद आपल्या गरजेत असते. मळणी झाली, देणेकरी दारात, सणवार तोंडावर, म्हणजे माल आजच विकायचा, हे समोरच्याला माहीत असतं. ती घाई जितकी कमी, तितकी त्याची ताकद कमी.

त्यासाठी कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना आहे. सहभागी बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन, तूर, हरभरा असा माल ठेवला तर त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम १८० दिवसांसाठी ६ टक्के व्याजाने मिळते. आपल्या बाजार समितीत ती चालू आहे का, ते विचारा. चालू नसेल तर का नाही, हे संचालकांना विचारा. निवडून आपणच देतो.

दुसरं, हमीभाव पाठ असू द्या. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, मध्यम धाग्याच्या कापसाचा ७,७१० आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये जाहीर झाला. हमीभावाचं सरकारी केंद्र चालू असेल तर व्यापाऱ्यालाही बोली वाढवावी लागते, कारण घेणारा एक वाढलेला असतो. म्हणून नोंदणी वेळेत करा.

तिसरं, शक्य असेल तिथे एकापेक्षा जास्त बाजार पाहा. गावातल्या चार जणांनी मिळून गाडी केली तर लांबचा बाजारही परवडतो. १४ एप्रिल २०१६ पासून सुरू झालेल्या ई-नाममध्ये बाहेरगावच्या व्यापाऱ्यालाही बोली लावता येते. आपली बाजार समिती त्यात असेल तर बोली ऑनलाइन घ्यायला सांगा.

थोडक्यात

स्पर्धा असेल तर घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला, दोघांनाही पर्याय असतो. कार्टेल तो पर्याय काढून घेतं, आणि तेही दिसू न देता. सगळे व्यापारी वाईट नसतात. उलट प्रामाणिक व्यापाऱ्यालाच संगनमताचा पहिला त्रास होतो, कारण त्याला जास्त बोली लावू दिली जात नाही. त्यामुळे ही लढाई व्यापारी विरुद्ध शेतकरी अशी नाही. उघड बोली विरुद्ध गुपचूप ठराव अशी आहे. पुढच्या वेळी ढिगाजवळ उभे राहाल तेव्हा बोली कुठे थांबते ते पाहा, आणि पट्टी खिशात नीट ठेवा.